नदीच्या दोन काठांवर दोन नियम: नवशिक्या चालकांचे कायदे इतके वेगवेगळे का?

ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या उत्तर काठावर ऑल्बरी आहे आणि दक्षिण काठावर वोडोंगा. दोन्ही गावे इतकी लगटून आहेत की घर एका काठावर आणि नोकरी दुसऱ्या, असे तिथे सर्रास चालते. पण नदी म्हणजे राज्यांची हद्द. ऑल्बरी न्यू साउथ वेल्समध्ये, वोडोंगा व्हिक्टोरियात. ऑल्बरीची मुलगी सतराव्या वर्षी एकटी गाडी चालवू शकते. वोडोंगातल्या तिच्या मैत्रिणीला अठरा पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते. मात्र ऑल्बरीच्या मुलीला शिकत असताना आणि नंतरच्या पहिल्या वर्षीही ताशी ९० किलोमीटरच्या वर जायला मनाई आहे, रस्त्यावरची पाटी ११० म्हणत असली तरी. वोडोंगाच्या मैत्रिणीला असले वेगळे बंधन नाही. तिच्यावर बंधन आहे ते दुसरेच: पहिल्या वर्षी गाडीत सोळा ते एकवीस वयाचा जास्तीत जास्त एकच प्रवासी, दिवस असो वा रात्र. ऑल्बरीत असाच नियम फक्त रात्री अकरा ते पहाटे पाचपर्यंत लागू होतो.

रस्ते तेच, गाड्या त्याच, माणसेही तीच. मग यातले बरोबर कोण?

हा प्रश्न सध्या पुन्हा चर्चेत आला आहे तो उत्तर आयर्लंडमुळे. तिथे ऑक्टोबर २०२६ पासून नवशिक्या चालकांसाठी पूर्णपणे नवी पद्धत लागू करायचे ठरले आहे. शेजारच्या इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तशी पद्धत नाही. देश एकच, युनायटेड किंगडम; नियम दोन. वरवर पाहता हा सगळा सरकारी लहरीपणा वाटतो. थोडे खोलात गेले की दिसते, सगळे एकाच दुखण्यावर औषध देत आहेत, फक्त मात्रा वेगळी आहे.

दुखणे नेमके कुठे आहे?

बहुतेकांची समजूत अशी असते की एल पाटी लावलेली गाडी सर्वांत धोकादायक. मागून येणारे हॉर्न वाजवतात ते त्यामुळेच. आकडेवारी याच्या अगदी उलट आहे. शेजारी जाणता माणूस बसलेला असताना शिकाऊ चालकाचे अपघात फारच कमी होतात. धोका एकदम उसळतो तो परीक्षा पास झाल्यावर, शेजारची सीट रिकामी झाल्यावर. एकट्याने चालवायच्या पहिल्या काही महिन्यांत अपघाताची शक्यता सर्वाधिक असते, आणि मग ती झपाट्याने उतरत जाते. ही चढउतार वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या दशकांत पुन्हा पुन्हा दिसली आहे.

कारण साधे आहे. क्लच, गिअर, स्टीअरिंग हे हातापायांचे काम काही आठवड्यांत जमते. परीक्षेत मुख्यतः तेच बघितले जाते. न जमणारी गोष्ट वेगळी असते: समोरच्या दृश्यात धोका कुठे लपला आहे हे आधीच हेरणे. थांबलेल्या बसच्या पुढून कुणीतरी धावत येईल, पार्क केलेल्या गाडीचे दार उघडेल, वळणापलीकडे ट्रॅक्टर असेल. नवशिक्याची नजर बॉनेटच्या जवळच घुटमळते, अनुभवी माणसाची दूरवर आणि दोन्ही बाजूंना फिरत असते. ही नजर पुस्तकातून येत नाही, रस्त्यावर तास घालवूनच येते. तर पेच असा: सुरक्षित व्हायला अनुभव हवा, आणि अनुभव मिळवताना जीव धोक्यात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने रस्त्यांवर दरवर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसे मरतात, आणि पाच ते एकोणतीस या वयोगटात मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण रस्ता अपघात हेच आहे. म्हणून या पेचावर इतकी डोकी लागली आहेत.

टप्प्याटप्प्याचे लायसन्स म्हणजे काय?

न्यूझीलंडने १९८७ मध्ये पहिल्यांदा पूर्ण स्वरूपात एक तोड काढली. तिला टप्प्याटप्प्याचे लायसन्स म्हणू. आधी कच्चे लायसन्स, मग मधला टप्पा, मग पक्के. नवी गोष्ट होती तो मधला टप्पा. या काळात माणूस एकटा चालवतो, पण ज्या परिस्थितीत नवशिके सर्वाधिक मरतात ती परिस्थिती कायद्याने बंद केलेली असते. पोहायला शिकवताना पाठीला बांधलेला डबा आधी उथळ पाण्यात काढून बघतात, थेट डोहात नाही, तसेच हे.

न्यूझीलंडमध्ये मधल्या टप्प्यावर रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने चालवता येत नाही आणि काही अपवाद सोडले तर गाडीत दुसरे कुणी घेता येत नाही. कॅनडात ओंटारिओ आणि नोव्हा स्कोशिया या प्रांतांनी १९९४ मध्ये हा मार्ग धरला, अमेरिकेत फ्लोरिडाने १९९६ मध्ये. पुढे अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत त्याची कुठली ना कुठली आवृत्ती आली. ‘कुठली ना कुठली’ हेच खरे, कारण एकही आवृत्ती दुसरीसारखी नाही.

भारतात हा मधला टप्पा नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार लर्निंग लायसन्स सहा महिने चालते, तीस दिवसांनंतर परीक्षा देता येते, आणि पक्के लायसन्स हातात पडले की त्याच रात्री मित्रांनी भरलेली गाडी महामार्गावर काढायला कायद्याची आडकाठी नसते. इंग्लंड-स्कॉटलंडमध्येही बव्हंशी तेच आहे. तिथे एक वेगळा बडगा मात्र आहे: पास झाल्यापासून दोन वर्षांत नियमभंगाचे सहा गुण जमा झाले की लायसन्स रद्द, आणि पुन्हा एल पाटीपासून सुरुवात.

एकशे वीस तास आले कुठून?

ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक राज्यांत शिकाऊ चालकाला एक वही ठेवावी लागते. किती वाजता, कुठे, किती वेळ चालवली, शेजारी कोण होते, सगळे लिहून सही घ्यायची. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात ही वही १२० तासांनी भरावी लागते, त्यातले २० तास अंधारातले. क्वीन्सलँडमध्ये १०० तास पुरतात, टास्मानियात ८०, साउथ ऑस्ट्रेलियात ७५, वेस्टर्न ऑस्ट्रेलियात ५०. नॉर्दर्न टेरिटरीत तासांची सक्तीच नाही.

हे आकडे पाहून कुणालाही वाटेल की कुणीतरी टोपीतून चिठ्ठ्या काढल्या. पण १२० या आकड्यामागे एक गोष्ट आहे, आणि ती स्वीडनची आहे. १९९३ मध्ये स्वीडनने सोबत्यासह गाडी शिकण्याचे वय साडेसतरावरून सोळावर आणले. एकट्याने चालवायचे वय मात्र अठराच ठेवले. म्हणजे मुलांना सरावासाठी जवळजवळ दीड वर्ष जास्त मिळाले. ज्यांनी ही सवलत वापरली त्यांचा सराव सरासरी ११८ तासांपर्यंत गेला, बाकीच्यांचा पन्नासच्याही आत राहिला. आणि लायसन्स मिळाल्यावर या जास्त सराववाल्यांच्या अपघाताचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियाने २००७ मध्ये १२० तासांचा नियम आणला, तो याच धर्तीवर.

इथे जरा थांबायला हवे. ज्या घरांत मुलाला दीड वर्ष गाडीत शेजारी बसवून फिरवायला सवड, पेट्रोल आणि गाडी होती, ती घरे मुळातच थोडी सुस्थितीतली होती. संशोधकांनीही हे मान्य केले की सगळे श्रेय तासांना देता येणार नाही. शिवाय नॉर्वेने १९९४ मध्ये तसाच बदल केला आणि तिथे अपघात घटल्याचे दिसले नाही. वय खाली आले, पण मुलांचा प्रत्यक्ष सराव स्वीडनइतका वाढलाच नाही. नुसती परवानगी देऊन भागत नाही, कुणीतरी शेजारी तेवढे तास बसावे लागते. माझ्या मते ऑस्ट्रेलियाने यातून घेतलेला धडा बरोबर होता: तास ऐच्छिक ठेवले तर ते भरत नाहीत.

जर्मनीने याच कल्पनेला उलटे केले. तिथे सार्वजनिक रस्त्यावर आईवडिलांनी शिकवायचे नाही. शिकवणार फक्त ड्रायव्हिंग स्कूल. परीक्षा पास झाल्यावर मात्र सतरा ते अठरा या वर्षात सोबती हवाच. त्याचे नाव कागदावर नोंदवायचे, वय किमान तीस आणि लायसन्स किमान पाच वर्षे जुने. लोअर सॅक्सनी राज्यात २००४ मध्ये हा प्रयोग सुरू झाला आणि २०११ मध्ये देशभर कायम झाला. सोबती परीक्षेआधी की परीक्षेनंतर, हा दोन विचारधारांतला खरा फरक. धोका परीक्षेनंतर उसळतो हे एकदा पटले की जर्मनांची चाल अधिक नेमकी वाटते.

सोबत कोण आणि घड्याळात किती वाजले?

सगळ्या बंधनांत मुलांना सर्वाधिक जाचणारे आणि पुराव्यांत सर्वाधिक भक्कम ठरलेले बंधन हे सोबतच्या प्रवाशांचे आणि रात्रीचे आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी विश्लेषणात सोळा-सतरा वर्षांच्या चालकांचे जीवघेणे अपघात तपासले गेले. गाडीत मोठे माणूस नसताना एकवीसच्या आतला एक प्रवासी असला की चालकाच्या मृत्यूचा धोका, मैलामागे, ४४ टक्क्यांनी वाढलेला दिसला. असे दोन असले तर दुप्पट. तीन किंवा अधिक असले तर चौपट. आणि पस्तिशीपुढचा एखादा प्रवासी असेल तर धोका ६२ टक्क्यांनी घटलेला.

म्हणजे चालक तोच, गाडी तीच. फक्त मागच्या सीटवर कोण आहे त्यावर जीवनमरण फिरते. काही अंशी हा बोलण्याने लक्ष विचलित होण्याचा मामला आहे, काही अंशी मित्रांसमोर शान मारण्याचा. वडीलधारे शेजारी बसले की दोन्ही आपोआप आवरते.

रात्रीचेही तसेच. दिसते कमी, झोप चढलेली, गाडीत बहुधा मित्रच. म्हणून कॅलिफोर्नियात अठराच्या आतल्या नव्या चालकाला पहिले वर्षभर रात्री अकरा ते पहाटे पाच बंदी आहे आणि मोठ्या माणसाशिवाय वीसच्या आतले प्रवासी नेता येत नाहीत. उत्तर आयर्लंडच्या नव्या नियमांतही चोवीसच्या आतल्या चालकांना पहिले सहा महिने रात्री अकरा ते सकाळी सहा या वेळेत चौदा ते वीस वयाचा एकच प्रवासी चालणार आहे. घरच्या माणसांना सूट. तिथे विरोध झाला तो मुख्यतः याच कलमाला. चौघांनी चार गाड्या काढायच्या का, असे मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की चार वेगळ्या गाड्यांतल्या चार मुलांपेक्षा एका गाडीतली चार मुले एकाच अपघातात जाण्याची भीती कायदा करणाऱ्यांना मोठी वाटते.

वेगाचे बंधन: दिसायला कडक, कामाला लंगडे

उत्तर आयर्लंडमध्ये आजवर शिकाऊ चालकाला ताशी ४५ मैलांची, म्हणजे साधारण ७२ किलोमीटरची मर्यादा होती. पास झाल्यावरही वर्षभर ‘आर’ अक्षराची पाटी लावून त्याच वेगात राहायचे. गंमत अशी की जास्त वेगात गाडी कशी हाताळायची याचा सराव जाणत्याच्या शेजारी बसून करायचीच बंदी, आणि वर्ष संपताच एकट्याने पूर्ण वेगाची मोकळीक. शिवाय ७० मैलांच्या रस्त्यावर ४५ ने जाणाऱ्या गाडीमागे रांग लागते आणि कुणीतरी वैतागून धोकादायक ओव्हरटेक करतो. नव्या पद्धतीत ही मर्यादा काढून टाकायचे ठरले आहे, आणि ‘आर’ पाटीचा काळ एकाऐवजी दोन वर्षे होणार आहे. सहा महिन्यांचा किमान शिकाऊ काळही येणार आहे. मला हा सौदा चांगला वाटतो. न्यू साउथ वेल्स मात्र आपल्या ९० ला अजून चिकटून आहे.

इंग्लंड-स्कॉटलंड-वेल्समध्ये याच विचाराने २०१८ पासून शिकाऊ चालकाला मोटरवेवर जाऊ देतात, अट एवढीच की शेजारी मान्यताप्राप्त शिक्षक हवा आणि गाडीत त्याच्या पायाशीही ब्रेक हवा.

मग सगळीकडे एकच नियम का करत नाहीत?

पहिले कारण निव्वळ अधिकाराचे. ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडा या देशांत लायसन्स हा राज्याचा किंवा प्रांताचा विषय आहे. केंद्र सल्ला देते, कायदा राज्य करते.

दुसरे कारण जास्त खरे: जागा. साउथ डकोटा, नॉर्थ डकोटा, कॅन्सस, आयोवा या शेतीच्या राज्यांत चौदाव्या वर्षी कच्चे लायसन्स मिळते. शाळा तीस किलोमीटरवर, बस नाही, घरात शेताची कामे. तिथे सतरापर्यंत थांबा म्हणणे म्हणजे मुलाला घरी कोंडणे. न्यू जर्सी दाट वस्तीचे, बस-रेल्वेचे राज्य. तिथे सोळाच्या आधी कच्चे लायसन्स नाही आणि एकट्याने चालवायला सतरा लागतात. न्यूयॉर्क राज्यात तर एकाच राज्यात दोन तऱ्हा आहेत. अल्पवयीन मुलांना मिळणारे ‘ज्युनिअर’ लायसन्स उत्तरेकडच्या गावांत चालते, पण न्यूयॉर्क शहराच्या पाचही विभागांत त्यावर गाडी चालवायला पूर्ण बंदी आहे. या दृष्टीने पाहिले तर नियमांतला फरक बराचसा समंजस आहे. धोका आणि गरज यांचे वजन जागेगणिक बदलते.

तरीही काही किमान गोष्टी समान असाव्यात असे वाटणारे वाढत आहेत. युरोपीय महासंघाने २०२५ मध्ये मंजूर केलेल्या नव्या नियमांत सर्व सदस्य देशांतल्या नव्या चालकांसाठी किमान दोन वर्षांचा परिविक्षा काळ आला आहे, म्हणजे ज्या काळात चुकीला जास्त कडक शिक्षा होते तो काळ. देशांना ते अमलात आणायला काही वर्षांची मुदत आहे.

‘नीट शिकवले तर एवढी बंधने कशाला?’

हा आक्षेप सर्वांत पटण्यासारखा, आणि अनुभवाने सर्वांत जास्त खोटा ठरलेला. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डीकाल्ब काउंटीत सोळा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर मोठा प्रयोग झाला. काहींना उत्तम, सखोल प्रशिक्षण दिले, काहींना जुजबी, काहींना शाळेत काहीच नाही. सखोल शिकलेल्यांचे अपघात टिकाऊ स्वरूपात कमी झाले, असे काही हाती लागले नाही.

नॉर्वेचा अनुभव तर डोळ्यांत अंजन घालणारा. तिथे नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावर घसरणारी गाडी सावरायचे प्रशिक्षण सक्तीचे केले गेले. ते घेतल्यावर तरुण पुरुषांचे अपघात वाढले. गाडी घसरली तर मी सावरीन, हा विश्वास सावरण्याच्या कौशल्यापेक्षा लवकर तयार झाला. म्हणून आता प्रशिक्षणाचा भर गाडी सावरण्यावरून धोका आधी ओळखण्यावर सरकला आहे. ब्रिटनमध्ये २००२ पासून लेखी परीक्षेसोबत व्हिडिओ दाखवून धोका हेरण्याची चाचणी घेतात, ती याचसाठी.

‘अठरा पूर्ण झाले की सगळे माफ?’

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत मधला टप्पा फक्त अठराच्या आतल्यांना लागू आहे. मुलांनी याचा हिशेब बरोबर केला: कटकट नको, अठरा होऊ दे, मग थेट पक्के. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात याचे पडसाद दिसले. कडक नियमांच्या राज्यांत सोळा वर्षांच्या चालकांचे जीवघेणे अपघात सुमारे २६ टक्क्यांनी कमी होते, पण अठरा वर्षांच्यांचे सुमारे १२ टक्क्यांनी जास्त. धोक्याचा काही भाग नुसता पुढे ढकलला गेला असावा. न्यू जर्सीने टप्प्याटप्प्याचा नियम वीसपर्यंतच्या सर्व नवशिक्यांना लावून ही पळवाट बुजवली. शिवाय तिथे एकविसाच्या आतल्यांना नंबरप्लेटवर लाल पट्टी लावावी लागते, म्हणजे पोलिसांना ओळखता यावे. पालकांना मात्र काळजी वाटली की गाडीत कोवळे पोर आहे हे वाईट हेतूच्या माणसालाही कळेल.

आणि पस्तिशीत शिकणाऱ्याचे काय? अनुभव त्यालाही शून्य, पण रात्रीची मित्रमंडळी आणि शान हे दोन घटक बहुधा गळून गेलेले. व्हिक्टोरियात १२० तासांची वही एकवीसच्या आतल्यांनाच आहे, न्यू साउथ वेल्समध्ये पंचवीसच्या आतल्यांना. ऑस्ट्रेलियाच्या राजधानी प्रदेशात पंचवीसपुढच्यांना १०० ऐवजी ४० तास पुरतात, आणि मला ही मधली वाट जास्त पटते. पस्तिशीतल्या नवशिक्याची नजरही बॉनेटजवळच असते.

‘वहीत खोटे तास लिहिले तर?’

लिहितात. कुठलाही पालक सही करू शकतो, आणि प्रत्येक तासामागे पोलीस बसवता येत नाही. न्यू साउथ वेल्सने यावर थोडी सोडवणूक केली आहे: व्यावसायिक शिक्षकासोबतचा एक तास वहीत तीन तास म्हणून धरतात, अशा दहा तासांपर्यंत. म्हणजे दहाचे तीस होतात. ज्याच्या घरी गाडी नाही किंवा शिकवायला माणूस नाही, त्याला याचा फायदा. पण शिक्षकाची फी भरावी लागते हे उघडच आहे. गरीब घरातल्या आणि स्थलांतरित मुलांना १२० तास भरणे जड जाते, आणि मग काही जण लायसन्सशिवायच चालवायला लागतात, हा या नियमावरचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे. त्याला अजून कुठल्याच राज्याकडे पूर्ण उत्तर नाही.

हद्द ओलांडली की कुणाचा नियम?

सर्वसाधारण उत्तर नाही, आणि फसगत होते ती इथेच. पक्के लायसन्स परराज्यात किंवा युरोपात परदेशातही चालते. कच्च्याचे तसे नसते. अमेरिकेतली काही राज्ये दुसऱ्या राज्याचे कच्चे लायसन्स मानतच नाहीत. युरोपात एका देशाच्या शिकाऊ परवान्यावर दुसऱ्या देशात गाडी चालवता येईल असे धरून चालू नये. जिथे मानतात तिथेही आपल्या राज्याच्या अटी सोबत येतात की स्थानिक अटी लागू होतात, हे ठिकाणागणिक बदलते. खात्री नसेल तर दोन्हींतली कडक अट पाळलेली बरी, आणि निघण्याआधी विमा कंपनीला विचारून घ्यावे, कारण परवाना जिथे वैध नाही तिथे विम्याचा दावाही अडकतो. न्यूयॉर्क राज्यातल्या ज्युनिअर लायसन्सवाल्या मुलाला तर शहराबाहेरच्या वेस्टचेस्टरकडून न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स विभागात शिरण्याआधीच गाडी सुरक्षित जागी थांबवून पक्क्या लायसन्सच्या माणसाला स्टीअरिंगवर बसवावे लागते.